एनिल्दा शुक्रवारी येणार

१९ जानेवारी, सोमवार

एनिल्दा काल माहेरी गेली. माहेर इथेच कार्ताहेनात, गेत्सेमानी वस्तीत, त्रिनिदाद चर्चच्या मागे. पायी गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येतं. तरी बॅग घेऊन गेली. शिवाय टेबलफॅन. शेजारचा एवेलिओ म्हणाला, निकानोर, बाईने पंखा नेला म्हणजे प्रकरण गंभीर आहे. हा माणूस पंखे दुरुस्त करतो, त्याला जगात दुसरं काही दिसत नाही.

कारण अगदी क्षुल्लक. तिच्या मावशीचं दफन होतं, तुर्बाकोच्या पुढच्या एका गावात. एनिल्दा म्हणाली, कुणाला तरी विचारू या. मी म्हणालो, विचारायचं कशाला, रस्ता मला तोंडपाठ आहे. गेलो. वेळेवर पोचलो. मी शवपेटीला खांदा दिला. रडलोसुद्धा, माझ्यामुळे आणखी दोघं रडले. एनिल्दाने फुलं वाहिली. मग पाद्रीबाबांनी नाव घेतलं तेव्हा कळलं की आत कुणी गृहस्थ आहेत. आमची मावशी त्याच वेळी पलीकडच्या गावात पुरली जात होती.

मी म्हणालो, अगं, रडणं कधी वाया जात नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

दारातून निघताना मात्र बोलली. म्हणाली, लग्न झाल्यापासून तुझ्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द मी एकदाही ऐकलेले नाहीत. ज्या दिवशी ऐकेन, त्या दिवशी मी घरी येईन.

एवढंच? मला वाटलं काहीतरी अवघड मागेल. शुक्रवारपर्यंत एनिल्दा घरी. एवेलिओला तसं सांगून टाकलं.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी दाढी करताना आरशासमोर सराव केला. 'मला माहीत' इथपर्यंत उत्तम येतं. पुढे जीभ आपोआप 'आहे'कडे वळते. गाइडचा धंदा इतकी वर्षं केल्यावर जिभेला वळण लागतंच, तिचा दोष नाही.

शिवाय हे एकट्या माझं नाही. कार्ताहेनात रस्ता विचारला आणि समोरचा 'माहीत नाही' म्हणाला, असं कधी झालंय का? माणूस उन्हातान्हात येऊन आपल्याला विचारतो. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं म्हणजे पाणीसुद्धा न विचारण्यासारखं. आपण काहीतरी देतो. डावीकडे तर डावीकडे.

उद्या जो पहिला माणूस काही विचारेल त्याला ठणकावून सांगायचं, मला माहीत नाही. ठरलं.

२१ जानेवारी, बुधवार

पहिला माणूस एवेलिओच. विचारलं, एनिल्दा कधी येणार? हा प्रश्न धरायचा नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

मोठं बुकिंग. खासगी, दहा-बारा दिवसांचं. आमिन्ताबाई, बोगोताच्या, निवृत्त दंतवैद्य. बारीक, शांत, डोक्यावर मोठी हॅट. बोगोताची माणसं आपल्या उन्हात उकडलेल्या युकाच्या कंदासारखी होतात, पण या बाई तक्रार करत नाहीत. नुसत्या बघतात आणि विचारतात. हे झाड कुठलं, तो पुतळा कुणाचा, घड्याळाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ चुकीची वेळ का दाखवतं. मी सगळ्यांची उत्तरं दिली. काही तर मलाच नवीन होती.

मग घड्याळाच्या मनोऱ्याखाली त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. त्यांची आजी, लहानपणची, एका दारासमोर उभी. दारावर सरड्याच्या आकाराची पितळी कडी. बाई म्हणाल्या, आजी गेत्सेमानीत जन्मली, पुढे सगळे डोंगरावर, बोगोताला, निघून गेले. हे घर कुठलं, तुम्हाला ठाऊक आहे का हो?

हाच तो क्षण! मनात म्हणालो, निकानोर, बोल. छाती भरून श्वास घेतला. 'मला माहीत' म्हणालो. बाईंनी इतक्या आशेने वर पाहिलं की काय सांगू.

आहे, म्हणालो.

याला मी हार म्हणत नाही. याला माणुसकी म्हणतात.

२३ जानेवारी, शुक्रवार

घर शोधतोय. बाईंना शोधतोय असं वाटू नये म्हणून मध्ये मध्ये थांबून इतिहास सांगतो. गेत्सेमानीत सरड्याच्या कड्या खूप. ज्या दारावर सरडा आहे तिथे आता हॉटेल. ज्या हॉटेलवर सरडा नाही ते म्हणतात, होता, मागवलाय.

दुपारी बाई म्हणाल्या, हे वळण आपण मघाशी घेतलं होतं. मी म्हणालो, मुद्दामच, उन्हात आणि सावलीत घर वेगळं दिसतं. त्या हसल्या. चांगली बाई आहे.

संध्याकाळी एवेलिओने विचारलं, आज शुक्रवार ना? मी म्हणालो, पुढचा.

२४ जानेवारी, शनिवार

घरात पंखा नाही, त्यामुळे झोप नाही. पाय सुजलेत. भात करपला. एनिल्दा नारळाच्या दुधात भात करायची तेव्हा मी तिला दर वेळी सांगायचो, नारळ असा पिळतात. ती पिळायची तिच्याच पद्धतीने. आज मी माझ्या पद्धतीने पिळला. कुत्र्यालाही आवडला नाही.

घर खायला उठतं. हे फक्त इथे लिहितोय.

२५ जानेवारी, रविवार

मध्येच डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाईंचं घर! गेत्सेमानीत आहे. दार जुनं दिसतं. कडी नाही, बिघडलेली घंटा आहे, पण ते बघून घेऊ. मुख्य म्हणजे आतून दाखवता येईल. हॉटेलवाले आत घेत नाहीत. बाईंना आजीचं घर मिळेल, चार अश्रू ढाळतील, सुखाने बोगोताला जातील.

एनिल्दा तिथे राहते हा निव्वळ योगायोग. यात माझा वैयक्तिक काही हेतू नाही. उद्यासाठी पांढरा शर्ट धुतला.

२६ जानेवारी, सोमवार

सविस्तर लिहितो, कारण पुढे लोक याची वेगवेगळी हकिगत सांगतील.

सासूबाई, म्हणजे दोन्या प्रुदेन्सिया, नेहमीप्रमाणे दारात कढई मांडून बसल्या होत्या. त्यांची अंडं भरलेली मक्याची पुरी खायला लोक मांगा बेटावरून पूल ओलांडून येतात. मला बघून म्हणाल्या, या जावईबापू, आज कुणाला पुरायचंय?

मी तिकडे दुर्लक्ष केलं. हात वर करून गाइडच्या आवाजात म्हणालो, आमिन्ताबाई, हे तुमच्या आजीचं घर.

सासूबाईंच्या हातातला झारा थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. कार्ताहेनाच्या बाईला कुणाची फिरकी घ्यायची संधी मिळाली की चेहरा कसा होतो, ते मला माहीत आहे. काहीच होत नाही. चर्चमधल्या मूर्तीसारखा राहतो. त्याच चेहऱ्याने त्या म्हणाल्या, अगं बाई! मी किती वर्षं म्हणतेय, कुणीतरी येणार म्हणून!

मला वाटलं, सासू असावी तर अशी.

आमिन्ताबाईंनी विचारलं, पण कडी कुठाय? मी म्हणालो, इंग्रज चाच्यांनी पळवली. बाई म्हणाल्या, फोटो तर १९३४चा आहे. मी म्हणालो, हे जरा उशिरा आलेले चाचे होते. सासूबाई म्हणाल्या, हो हो, बसने आले होते, मीच त्यांना पुऱ्या वाढल्या.

आत गेलो. एनिल्दा ओसरीत युका सोलत बसली होती. पंखा तिच्याकडे तोंड करून फिरत होता. केस वर बांधलेले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. नंतर लक्षात आलं की बाई काहीतरी विचारताहेत आणि मी ऐकतच नाहीये.

सासूबाईंनी प्रश्न पुन्हा सांगितला. म्हणाल्या, गाइडसाहेब, पाहुण्या विचारताहेत की आजी नेमकी कुठल्या खोलीत जन्मली. सांगा की. तुम्हाला माहीत असेलच.

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, इथे थोडं थांबायला हवं होतं. एनिल्दाची सुरी थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच. डोळ्यांत काहीतरी होतं, जणू कुणी कठड्यावरून चालतंय आणि ती खाली हात पसरून उभी आहे. मला वाटलं, तिला माझा अभिमान वाटतोय.

मी म्हणालो, उजवीकडची दुसरी. पलंगही तोच.

ती एनिल्दाची खोली. पलंग मीच लग्नानंतर आणून दिलेला.

सासूबाई मग इतक्या हसल्या की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. म्हणाल्या, अहो आमिन्ताबाई, हे घर माझ्या बापाने बांधलं, मी शाळेत जायला लागले तेव्हा. त्याआधी इथे बकऱ्या बांधायचे! तुमची आजी इथे जन्मली असेल तर तिला चार पाय असतील!

मी पुढचं वाक्य तयार करत होतो. बकऱ्यांच्या आधीचा काळ कुणाला ठाऊक, वगैरे. पण आमिन्ताबाई एनिल्दाकडे वळल्या. हळूच विचारलं, बाई, तुम्हाला माहीत आहे का हो, हे घर कुठे असेल?

एनिल्दाने फोटो हातात घेतला, नीट पाहिला. म्हणाली, मला माहीत नाही. थांबा, चप्पल घालते, विचारत जाऊ.

दोघी निघून गेल्या. मी उरलेली युका सोलली. सासूबाई म्हणाल्या, जाड सोलताय. मी म्हणालो, मला माहीत आहे कशी सोलतात.

दोघी ऊन उतरल्यावर परतल्या. सात दारं वाजवली. सहा जणांनी सहा दिशा दाखवल्या, म्हणजे आपलेच लोक. सातव्या घरातल्या एका म्हाताऱ्या शिवणवाल्या बाईने फोटो ओळखला. घर कधीच पाडलं गेलंय. आता तिथे गाड्या उभ्या करतात. कोपऱ्यात बदामाचं एक झाड आहे, ते फोटोतही दिसतं, दाराशेजारी, लहानसं. आमिन्ताबाईंनी एक पान उचलून पर्समध्ये ठेवलं. डोळे लाल होते, पण चेहरा खुलला होता.

मला म्हणाल्या, निकानोर, घर पाडलंय ते मला आईने सांगितलं होतं. मला जागा बघायची होती. पाच दिवस मी या शहरात प्रश्न विचारतेय. मला 'माहीत नाही' म्हणणारी तुमची बायको पहिलीच.

मग उरलेल्या दिवसांसाठी त्यांनी गाइड बदलला.

२७ जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. एका अर्थी आमिन्ताबाई अजून आमच्याच कुटुंबाच्या गिऱ्हाईक आहेत.

२९ जानेवारी, गुरुवार

तटबंदीवर दोघी दिसल्या. मी तिथे सहजच गेलो होतो, पाठोपाठ. पाय खाली सोडून कच्चा आंबा खात होत्या, मीठ लावून. आमिन्ताबाई समुद्राकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या. एनिल्दा खांदे उडवत होती आणि दोघी हसत होत्या. त्या बाजूला कोळ्यांचं ला बोकिया गाव दिसतं. मी सांगू शकलो असतो. अख्खी गोष्ट सांगू शकलो असतो, दोन प्रकारे.

एनिल्दा माझ्याबरोबर तटबंदीवर अशी शेवटची कधी हसली, ते आठवत होतो. आठवलं नाही. वाऱ्यामुळे असेल, जानेवारीत वारा फार.

३० जानेवारी, शुक्रवार

एवेलिओ दारात उभाच होता. मी त्याने विचारायच्या आत सांगितलं, सोमवारी! शुक्रवारचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. सोमवारी दोन फेब्रुवारी, कांदेलारिया मातेचा सण, आणि आमच्या लग्नाचा वाढदिवस. सगळं शहर ला पोपाच्या टेकडीवर मेणबत्त्या घेऊन जाणार, गल्लोगल्ली तळणाच्या कढया लागणार. त्या दिवशी आमचं लग्न झालं तेव्हा एनिल्दाच्या केसांत मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. मीच सांडलं होतं. वर सांगितलं होतं की हा शुभशकुन मानतात.

आता योजना पक्की. मिठाईवाल्यांच्या कमानींखालून तिची आवडती नारळाची वडी आणि तिळाचे लाडू. इस्त्रीचा ग्वायाबेरा शर्ट. दारात उभं राहायचं. ती काहीतरी विचारेलच, बायको आहे. काय वाटेल ते विचारू दे, मी ताठ मानेने म्हणेन, मला माहीत नाही. मग पंखा मी उचलायचा, बॅग तिने.

१ फेब्रुवारी, रविवार

सराव. आज दिवसभर एकच वाक्य. आरशाला म्हटलं. कुत्र्याला म्हटलं. सकाळी पावाच्या दुकानात बाईने विचारलं, काय देऊ? मी म्हणालो, मला माहीत नाही. तिने पाणी आणून दिलं आणि खाली बसवलं.

जमलं! पूर्ण जमलं. 'आहे'चा मागमूस नाही. जिभेला काबूत आणायला एक दिवस लागतो फक्त, इच्छाशक्ती हवी. आता मला कुठूनही विचारा.

मिठाई आणली. पेटीला लाल रिबन बांधून घेतली.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

सकाळी गेलो. रस्ताभर लोक मेणबत्त्या आणि फुलं घेऊन चाललेले. चर्चच्या घंटा. कोपऱ्याकोपऱ्यावर तळणाचा वास, ढोल, ट्रकवरून मातेची मिरवणूक. सासूबाईंच्या कढईपुढे रांग. रांगेतले सगळे मला ओळखतात. सासूबाईंनी माझा शर्ट बघितला, पेटी बघितली आणि या खेपेला काहीच टोमणा मारला नाही. आत हाक मारली, एनिल्दा, आलाय गं.

एनिल्दा बाहेर आली. निळा झगा घातला होता, सणाचा. केसांत फूल. ती माझी वाट बघत होती, हे मला दिसलं. खरंच दिसलं. इतकी सुंदर दिसत होती की मी योजनेतलं पहिलं वाक्यच विसरलो. दुसरं लक्षात होतं.

ती उंबऱ्याला टेकून उभी राहिली. हसली. जरा लाजलीसुद्धा. म्हणाली, काय रे निकानोर, आज कुठला दिवस आहे, माहीत आहे ना?

मी छाती भरून श्वास घेतला. रांगेतल्यांनी माना वळवल्या. मी म्हणालो, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता:

मला माहीत नाही.

जमलं म्हणून मला इतका आनंद झाला की तिचा चेहरा बघायला मला थोडा उशीरच झाला.

मागून ढोल वाजत होते. ट्रकवरची माता रस्त्याने पुढे चालली होती. रांगेतल्या एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. एनिल्दाने माझ्या हाताकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, मग ही पेटी कशाला आणलीस?

आता इथे माणसाने काय करावं? खरं सांगावं, तर आधीचं खोटं ठरतं, आणि ते तर तिच्यासमोर म्हटलेलं माझं पहिलं 'माहीत नाही'. इतक्या मेहनतीने कमावलेलं वाक्य असं हातचं कसं सोडू? मी म्हणालो, माहीत नाही.

ती म्हणाली, इतकी वर्षं जे माहीत नव्हतं ते सगळं सांगत आलास. आज एक गोष्ट खरोखर माहीत होती, तीच नाही म्हणालास. मग दार लावलं. आदळलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

सासूबाईंनी मला न मागता एक गरम पुरी कागदात बांधून दिली. म्हणाल्या, जावईबापू, घरी जा, आणि हे बघा, सरळ रस्त्याने जा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नारळाच्या वड्या एकट्याने खाल्ल्या. लाडू ठेवलेत, तिला तिळाचेच जास्त आवडतात.

आमिन्ताबाई आज परत गेल्या. एनिल्दाबद्दल चांगलं लिहून गेल्या म्हणे. पाच तारे. 'तिला काहीच माहीत नाही, तिच्याबरोबर जरूर फिरा' असं.

दुपारी पायरीवर बसलो होतो. एवेलिओ समोर एक पंखा उघडून बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, निकानोर, एनिल्दा कधी येणार?

मी तोंड उघडलं. आत काहीच तयार नव्हतं. आरसा नाही, श्वास नाही, योजना नाही. आणि ते आपोआपच बाहेर आलं, अगदी हळू, माझं मलाच कसंतरी झालं. मला माहीत नाही, म्हणालो.

नेमकी तेव्हाच एक मोटारसायकल फटफटत गेली. एवेलिओने मान वर करून विचारलं, काय म्हणालास? ऐकू नाही आलं.

मी म्हणालो, शुक्रवारी.